कामास आला, म्हणजे कोणत्या कामास?

जुन्या बखरींमध्ये लढाईत पडलेल्या माणसासाठी एक अगदी साधा शब्दप्रयोग येतो: अमुक सरदार 'कामास आला'. त्यात अमरत्वाचा उच्चार नाही, अश्रू नाहीत, पुष्पवृष्टीही नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो की, कोणत्या कामास? आणि बखरकार आपल्या परीने त्याचे उत्तर द्यायला बसलेलाच असतो. कोणत्या मोर्चावर, कोणाच्या तुकडीत, गोळी लागून की भाल्याने, आणि त्यानंतर फौज पुढे सरकली की मागे फिरली, हे तो सांगतो. कधी चुकीचे सांगतो, कधी फुगवून सांगतो, पण सांगतो. आज एखादा पंचविशीतला लेफ्टनंट किंवा कॅप्टन लढताना पडतो, तेव्हा आपण त्याच्याविषयी पुष्कळ बोलतो. हा एक प्रश्न तेवढा विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो. जिन्याच्या पहिल्या वळणावर एका माजी विद्यार्थ्याचे छायाचित्र लावलेले होते. गणवेश, तिरकी बॅरे टोपी, नुकतीच राखलेली मिशी, आणि चौकटीवर चंदनी हार. खाली नाव, दोन तारखा आणि 'अमर रहे' हे दोन शब्द. खुर्च्या वाहून नेणारा नववीतला एक मुलगा शेजारी थांबला होता, त्याला विचारले, हे कोण? "शहीद आहेत," तो म्हणाला. कुठे लढले? "बॉर्डरवर." मागून येणाऱ्या शिक्षकांनी दुरुस्ती केली, "काश्मीरला." त्यापलीकडे दोघांनाही काही ठाऊक नव्हते. पलटण कोणती, ठाणे कोणते, त्या दिवशी त्याला कोणती कामगिरी दिली होती, ती पार पडली का, बरोबर कोण होते, यांपैकी एकही गोष्ट त्या इमारतीत कोणाला सांगता आली नसती. छायाचित्राची काच मात्र लख्ख पुसलेली होती. त्या मुलाला किंवा त्या शिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याने दिलेले उत्तर आपण सगळ्यांनी मिळूनच त्याला शिकवलेले आहे.

माझे म्हणणे असे की, लढाईत पडलेल्या तरुण अधिकाऱ्याचे स्मरण आपण पूजेच्या स्वरूपात करतो आणि पूजेला माहितीची गरज नसते. हार घालण्यासाठी चेहरा पुरतो. परंतु ज्या माणसाने आयुष्याचा शेवटचा तास अत्यंत नेमक्या अशा एका कामात घालवला, इतकी पावले, अमुक खडक, तमुक बंकर, एवढा दारूगोळा शिल्लक, अशा हिशेबात घालवला, त्याला 'देशासाठी प्राण दिले' या तीन शब्दांत गुंडाळून ठेवणे म्हणजे त्याचे काम पुसून टाकणेच होय. त्याची आठवण ठेवणे हे आधी माहिती ठेवण्याचे काम आहे. भावना त्यामागून येते आणि जास्त टिकते.

आपल्याकडे या बाबतीत एक जुनी परंपरा आहे आणि ती मोठी बोलकी आहे. महाराष्ट्रात गावोगावी, मारुतीच्या देवळामागे किंवा पाणवठ्याशेजारी वीरगळ उभे असतात. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, गुरे वाचवताना मेला असेल तर शेजारी गायी. वरच्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. त्याहून वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर. आणि शिखराशी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांची जहाजे एकमेकांवर चालून जाताना कोरलेली आहेत. ती तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादवांच्या आरमारी झुंजीची असावीत, असे अभ्यासक मानतात. बहुतेक वीरगळांवर नाव नाही. पण नाव न कोरणाऱ्या त्या पाथरवटाने काम मात्र कोरले आहे: हा पाण्यावर लढला, हा गुरांसाठी लढला, याच्या हाती धनुष्य होते. आपण नेमके उलट केले. आपल्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांवर आणि कमानींवर नाव ठळक असते, उद्घाटकांचीही नावे असतात, आणि लढाई कुठेच नसते. वीरगळांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. गावकऱ्यांनी त्यांना शेंदूर फासला. पिढ्यान्‌पिढ्या फासला, तेव्हा त्या थराखाली कोरीवकाम बुजले, आणि आज तो दगड कोणाचा, असे विचारले तर 'देव आहे' एवढेच उत्तर मिळते. श्रद्धा खरी होती, यात शंका नाही. माणूस मात्र हरवला.

शब्दांचाही एक थर असतो. 'शहीद' हा शब्द बातम्यांत, फलकांवर आणि भाषणांत सर्रास वापरला जातो. सरकारच्या लेखी असा अधिकृत शब्दच नाही, असे संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितले आहे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लष्करानेही आपल्या विभागांना हा शब्द टाळण्याविषयी पत्र पाठवले. मराठीपुरते बोलायचे तर आपल्याजवळ 'हुतात्मा' आहे, 'वीरमरण' आहे, 'धारातीर्थी पडणे' आहे. शेवटचा शब्द तर किती अर्थगर्भ, शस्त्राच्या धारेलाच तीर्थ म्हणणारा! पण हे सगळे शब्द मृत्यूवर बोट ठेवतात. 'कामास आला' हा एकटा कामावर बोट ठेवतो, आणि तोच आपण टाकून दिला. जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवतो. मराठीत माणसाविषयी बोलायचे तर 'तो' की 'ते' हे आधी ठरवावे लागते. घरी 'अरे', वर्गात 'ए', पलटणीत 'साहेब' असलेला बाविशीचा मुलगा मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वांसाठी 'ते' होतो. आदर योग्यच आहे. पण त्या 'ते'मध्ये त्याचे वय नाहीसे होते आणि वयाबरोबर, एवढ्या कोवळ्या मुलाच्या हाती आपण नेमके काय सोपवले होते, हा प्रश्नही नाहीसा होतो.

माहिती ठेवली तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. जून १९७१ मध्ये ते 'पूना हॉर्स' या चिलखती पलटणीत दाखल झाले आणि युद्धाचे ढग जमले तेव्हा अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात होते; ते अर्धवट सोडून त्यांना पलटणीकडे जावे लागले. नोकरी उणीपुरी सहा महिन्यांची. १६ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे ढाक्यात शरणागती झाली त्याच दिवशी, शकरगढच्या भागात बसंतर नदीपलीकडे पाकिस्तानी रणगाड्यांनी प्रतिहल्ला चढवला. आपल्या तुकडीचे बळ तोकडे पडत होते आणि मदतीसाठी बिनतारी संदेश आला, त्याला उत्तर देत खेत्रपाल पुढे गेले. 'फामागुस्टा' नावाच्या त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याने शत्रूचे चार रणगाडे निकामी केले. रणगाडा पेटला, तेव्हा वरिष्ठांनी तो सोडून देण्यास सांगितले. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे उत्तर त्यांनी दिले. त्यानंतर त्यांच्यावर शेवटचा गोळा आला. वय एकवीस. मरणोत्तर परमवीर चक्र.

या हकिगतीत 'शौर्य' हा शब्द एकदाही वापरण्याची गरज पडत नाही. नदी, तोफ, बिनतारीवरचे दोन-तीन शब्द आणि वय एवढ्यावर सर्व उभे राहते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतले संचलनाचे मैदान खेत्रपाल यांच्या नावाने ओळखले जाते, आणि तो रणगाडा ज्या नगरहून ते युद्धावर गेले तिथेच, चिलखती दलाच्या केंद्रात ठेवलेला आहे. आणि यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००१ मध्ये खेत्रपाल यांचे वडील, स्वतः निवृत्त ब्रिगेडियर, आपले फाळणीपूर्वीचे गाव पाहायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी त्यांचा पाहुणचार झाला, त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरांनी निरोपाच्या आदल्या रात्री त्यांना सांगितले की, त्या दिवशी समोरच्या रणगाड्यांचे नेतृत्व मी करत होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून पडला. अमुक अंतरावर, अमुक प्रकारे, तो कसा अडून राहिला, हे त्या म्हाताऱ्या बापाला शत्रूने सांगितले. जगात त्या मुलाचा सर्वाधिक आदर करणाऱ्या माणसांमध्ये त्याला मारणारा होता, कारण त्याने काय केले हे त्याला नेमके माहीत होते. आपण, ज्यांच्यासाठी तो लढला, ते जिन्यावरच्या काचेपाशी थांबतो.

आता अधिकारीच का, हा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्त आहे. तरुण अधिकारी पडतो तेव्हा त्याच्यामागे शाळा असते, प्रबोधिनीचे सोबती असतात, लिहू-बोलू शकणारे आईवडील असतात. त्याची आठवण धरून ठेवणारे हात अधिक असतात. त्याच्याबरोबर पडलेल्या जवानामागे तसे हात क्वचित असतात. कॅप्टन सौरभ कालिया हे नाव घरोघरी ठाऊक आहे. मे १९९९ मध्ये कारगिलच्या काकसर भागात गस्तीवर गेलेले, पाकिस्तान्यांच्या हाती सापडलेले आणि हालहाल होऊन मारले गेलेले ते तरुण अधिकारी. त्यांच्याबरोबर गस्तीत आणखी पाच जण होते आणि त्यांचेही तेच हाल झाले. अर्जुन राम, भंवरलाल बगरिया, भिका राम, मूला राम, नरेश सिंह. ही नावे न अडखळता सांगणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. मीही ती पाठ करून लिहिली आहेत, हे कबूल करतो.

ही खोड आजची नाही. पानिपतच्या बातमीचे जे सांकेतिक वाक्य परंपरेने आपल्यापर्यंत आले आहे, त्यात मोत्ये मोजली आहेत, मोहरा मोजल्या आहेत, आणि खुर्दा, म्हणजे साधे शिपाई, किती गेला त्याची गणती नाही, असे म्हटले आहे. साताऱ्याच्या आणि कोकणाच्या खेड्यांत इंग्रजांनी बसवलेल्या पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात: या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. अपशिंगे मिलिटरी या साताऱ्यातल्या गावाचे ४६ पडले, हा आकडा जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. आकडा आहे, पण आकडा म्हणजे खुर्दाच. राष्ट्रकुल युद्धकबरींच्या आयोगाने, सर्वांना दर्जा न पाहता सारखा दगड, हे तत्त्व मोठ्या अभिमानाने मिरवले, आणि पुण्याजवळ खडकीच्या दफनभूमीत ते डोळ्यांना दिसतेही. परंतु त्याच आयोगाला २०२१ मध्ये मान्य करावे लागले की, पहिल्या महायुद्धातल्या किमान एक लाख सोळा हजार, प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, मृतांची नावाने नोंदच झाली नाही. त्या मानाने दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, २०१९ पासून, प्रत्येकाचे नाव स्वतंत्र विटेवर आहे, शिपायाचे आणि कर्नलचे सारख्याच आकारात. ही चांगली सुरुवात झाली. पण नावापुढे हकिगत हवी. तरुण अधिकाऱ्याची आठवण नीट ठेवली, तर ती आपोआप त्याच्या तुकडीची आठवण होते, कारण तो एकटा कधीच लढत नसतो. प्लॅटूनचा किंवा कंपनीचा अधिकारी ही भूमिकाच मुळी 'माझ्यामागून या' अशी आहे, आणि मागून येणारे वगळले तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही.

ही हकिगत यायची कुठून? ज्यांना शौर्यपदक मिळाले, त्यांची मानपत्रे संरक्षण मंत्रालयाने प्रसिद्ध केली आहेत. कोणत्याही शाळेला ती उतरवून छायाचित्राखाली लावता येतील, आणि त्यासाठी ना अनुदान लागते ना उद्घाटक. पण पदक सर्वांना मिळत नाही, आणि मानपत्र म्हणजे इतिहास नव्हे. इतिहासाच्या चाव्या सरकारजवळ आहेत. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजतागायत खुला केलेला नाही. त्या हिमालयात तोकड्या कपड्यांनिशी आणि जुन्या रायफलींनिशी जे तरुण अधिकारी पाठवले गेले, त्यांच्या घरच्यांपैकी बहुतेकजण आता हयात नाहीत. कारगिलच्या बाबतीत परिस्थिती बरी होती. युद्ध संपताच जुलै १९९९ मध्ये आढावा समिती नेमली गेली, तिने घुसखोरीचा सुगावा का लागला नाही हे तपासले आणि अहवाल काही भाग वगळून संसदेपुढे आला. त्या युद्धात आपले ५२७ जण कामास आले. पुढे जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले की, युद्धांच्या आणि मोहिमांच्या नोंदी सामान्यतः पंचवीस वर्षांत खुल्या व्हाव्यात आणि इतिहास ठरावीक मुदतीत लिहिले जावेत. कारगिलला पंचवीस वर्षे २०२४ मध्ये पूर्ण झाली. त्या निमित्ताने कार्यक्रम झाले, दिवे लागले, भाषणे झाली. पंचवीस वर्षांचा तो दुसरा अर्थ मात्र फारसा कोणाच्या भाषणात आला नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे बहुधा प्रामाणिक असतात. लढाया कशा चुकल्या, कोणी कोणाला चुकीच्या वेळी वर पाठवले, कोणती सामग्री अपुरी होती, हे उकरत बसल्याने जो पडला त्याच्या बलिदानाला उणेपणा येतो आणि त्याच्या आईवडिलांना, 'आपला मुलगा टळू शकणाऱ्या चुकीपायी गेला' हे ऐकावे लागते. हे दुःख मी हलके मानत नाही. परंतु माहिती दडवली की तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे सोयीची माहिती येऊन बसते. २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने मान्य केले की, कारगिल युद्धातल्या बटालिक भागाच्या अधिकृत वृत्तांतात एका ब्रिगेडियरची कामगिरी कमी करून दाखवण्यात आली होती, आणि तो मजकूर दुरुस्त करण्याचा आदेश दिला. हा वाद वरकरणी एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मानापमानाचा. पण ३ जुलै १९९९ रोजी कॅप्टन मनोजकुमार पांडे खालूबारच्या धारेवर पडले, ते याच बटालिकमध्ये. ज्या भागाच्या कागदांत एकाविषयी फेरफार होऊ शकतो, त्या भागात पडलेल्यांच्या हकिगतींची शाश्वती कोणी द्यायची? चूक उघड झाल्याने त्या चुकीतून वाट काढणाऱ्याचे धैर्य कमी होत नाही. उलट, सर्व काही ठरल्याप्रमाणे चालले होते असे भासवले, तर त्याने शेवटच्या क्षणी स्वतःच्या डोक्याने घेतलेल्या निर्णयाला किंमतच उरत नाही.

पूजेचा भार कुटुंबावर कसा पडतो, तेही येथे सांगितले पाहिजे. आपण घरातल्या स्त्रियांना वीरमाता, वीरपत्नी म्हणतो. हे शब्द मानाचे खरे, पण मान हा पिंजराही होतो. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे, अपवाद एकच: तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर तो चालू राही. दिराशी लग्न ही अट सरकारी कागदात होती, आणि ती नोव्हेंबर २०१७ पर्यंत होती. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात आणि मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८ मध्ये गुरेझमध्ये पडले. दोघांच्याही पत्नी पुढे स्वतः लष्करात अधिकारी झाल्या, आणि महाराष्ट्राने त्यांचे मनापासून कौतुक केले. ते कौतुक त्यांचे हक्काचेच. परंतु जी गणवेश चढवणार नाही, जी शांतपणे नोकरी करील, दुसरे लग्न करील, सासरी न राहता माहेरी जाईल, तिच्याकडे आपण त्याच डोळ्यांनी पाहतो का? ती हसताना दिसली तरी समाजमाध्यमांवर काय काय लिहिले जाते, हे सर्वांनी वाचलेले आहे. गेलेल्याला दैवत केले की मागे राहिलेल्यांना पुजारी व्हावे लागते, आणि पुजाऱ्याला सुट्टी नसते.

अंत्ययात्रेच्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा उभा राहणारा समाज ढोंगी असतो, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दुकाने आपण होऊन बंद होतात, ओळख नसलेल्या बाया रडतात. तो क्षण खरा असतो. माझी तक्रार चौदाव्या दिवसापासून पुढची आहे. त्या दिवसानंतर शाळेने पलटणीला एक पत्र लिहावे, गावाने त्याच्याबरोबर असलेल्या जवानांना बोलावून त्यांच्याकडून त्या रात्रीची हकिगत ऐकावी आणि लिहून ठेवावी, जिल्ह्याच्या ग्रंथालयात तिची एक प्रत असावी, तिच्यात ठिकाणाचा नकाशा असावा. पलटणी असल्या पत्रांना उत्तर देतात. रेझिंग डेला, म्हणजे पलटणीच्या स्थापनादिनाला, कुटुंबांना बोलावणे, नाव विसरू न देणे, हे त्या आपल्यापेक्षा कितीतरी निष्ठेने करतात.

कॅप्टन विजयंत थापर, २ राजपुताना रायफल्स, बावीस वर्षांचे. २९ जून १९९९ रोजी द्रास भागातल्या 'नोल' या टेकाडावर चढाई करताना पडले; वीर चक्र मिळाले. निघण्यापूर्वी घरच्यांसाठी लिहून ठेवलेल्या पत्रात त्यांनी थट्टा केली होती की, हे तुमच्या हाती पडेल तेव्हा मी वर अप्सरांचा पाहुणचार घेत असेन. वीरगळाची मधली चौकट त्या मुलाला ठाऊक होती की नाही, कोण जाणे. त्याखाली त्याने कामे सांगितली होती. अनाथाश्रमाला काही देणगी द्या. वडील गमावलेल्या एका लहान मुलीला महिन्याला पन्नास रुपये पाठवत राहा. आणि जमले तर, सैन्य जिथे लढले ती जागा येऊन पाहा. त्याचे वडीलही निवृत्त कर्नल. पुढे वर्षानुवर्षे ते द्रासला जात राहिले, आणि म्हातारपणी, धाप लागत असताना, ते टेकाडही चढून आले.